आठ-ब आणि देवरे मॅडम

यंदा एम.ई.च्या नव्या मुलांना नियम समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विभागप्रमुख जाता जाता म्हणाले, "नीलिमा मॅडम, तुम्हीच घ्या ना ते. तुमचा आवाज शांत आहे." आमच्या नाशिकच्या कॉलेजात कुणालाच नको असलेलं काम नेहमी शांत आवाजाच्या माणसाकडे येतं. मी पीपीटी लावली. हजेरी किती लागते, टर्म कधी नामंजूर होते, किती विषय राहिले तर पुढच्या वर्षाला जाता येत नाही, असं एकेक सांगत गेले. समोर निम्मे मोबाईलमध्ये, उरलेले अंबड-सातपूरच्या कंपन्यांतून रात्रपाळी करून आलेले, डोळे उघडे ठेवायची खटपट करणारे. आठव्या नियमाच्या 'ब' कलमाशी आले आणि माझा आवाज अडकला. मुलांना वाटलं, मॅडमना ठसका लागला. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली.

आठ-ब कलम साधं आहे. प्रवेश घेतल्यापासून ठरलेल्या मुदतीत पदवी पुरी झाली नाही, तर विद्यार्थ्याची नोंदणी आपोआप रद्द होते. 'आपोआप' हा शब्द कलमातलाच आहे. देवरे मॅडम म्हणायच्या, "आपोआप म्हणजे काय माहितीये? कुणाला वाईट वाटून घ्यायला लागू नये, याची सोय."

वैजयंता देवरे. मेकॅनिकलच्या प्राध्यापक आणि कितीतरी वर्षं एम.ई.च्या को-ऑर्डिनेटर. को-ऑर्डिनेटर म्हणजे मुलं आणि नियम यांच्या मधे उभं राहायचं आणि दोन्हीकडून बोलणी खायची. मी नोकरीला लागले तेव्हा मला त्यांच्या शेजारचं टेबल मिळालं. उंच बाई, खांदे जरासे पुढे झुकलेले, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात मुलांसारखे स्पोर्ट्स शूज. मी पहिल्या आठवड्यात त्या बुटांकडे बघत होते, ते त्यांनी हेरलं. "वर्कशॉपमध्ये ऑइल सांडलेलं असतं. चपला घालून घसरू का?" खरं म्हणजे त्यांना वर्कशॉपमध्ये जावं लागतच नव्हतं. पण त्या रोज एक चक्कर मारायच्या. लेथचा आवाज ऐकला की फायलींचा शीण जातो, म्हणायच्या.

इंदिरानगरहून स्कूटरवर यायच्या. हेल्मेट टेबलावर उलटं ठेवायच्या आणि दिवसभर त्यात किल्ल्या, चष्म्याचं घर, शेंगदाण्याची पुडी, कुणाकुणाचे पेनड्राइव्ह साठत जायचे. संध्याकाळी ते सगळं पर्समध्ये रिकामं केलं, की दिवस संपला.

माहेर आणि गाव सटाण्याकडचं. वर्गात एकदम पुस्तकी, स्वच्छ मराठी, फोनवर घरच्यांशी अहिराणी. रागावल्या की मात्र दोन्हींमधली भिंत पडायची. "हाई काय शे?" असं कानावर आलं, की एम.ई.ची दाढीमिशा आलेली मुलंही व्हरांड्यातून मागे फिरायची. मुलांनी त्यांचं नाव 'आठ-ब' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं. "शूर्पणखा ठेवलं नाही, हे काय कमी झालं," असं एकदा म्हणाल्या होत्या. पंचवटीच्या गावात राहून याहून जास्त अपेक्षा करू नये, असंही वर म्हणाल्या.

कुणीही दारात आलं, की त्यांचं एकच वाक्य. "बस. पाणी पी. मग बोल." मुलगा असो, पालक असो. प्राचार्य आले तरी फक्त 'बसा' आणि 'घ्या' एवढाच फरक. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "नियमाचं विचारायला येतो तो माणूस धावत आलेला असतो गं. धापा टाकताना 'नाही' ऐकलं, की जास्त लागतं."

कारण त्यांचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असायचं. आणि त्या ते गोल गोल न फिरवता सांगायच्या. मुलं वाद घालायला लागली, की म्हणायच्या, "नियम मी केलेला नाही. मला तो पाठ आहे, एवढंच."

पहिल्या दिवशी नियम सांगण्याआधी त्या प्रत्येकाला उभं करायच्या आणि विचारायच्या, "एम.ई. कशाला करतोस?" मग संशोधनाची आवड, ज्ञानाची भूक, समाजासाठी योगदान अशी उत्तरं यायची. एका वर्षी ओझरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, घरचे लग्नाच्या मागे लागलेत. शिकतोय म्हटलं की थांबतात." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "बस. आज पहिलं खरं उत्तर मिळालं. याच्यापासून सुरुवात करू." त्या मुलाची हजेरी पुढे दोन वर्षं कधी कमी भरली नाही. लग्न किती लांबलं, ते मला माहीत नाही.

दुसरी एक गोष्ट विभागात अजून सांगतात. एका मुलाचा प्रबंध चोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला, तर पानंच्या पानं लाल आली. मुलाचे वडील मोठे कंत्राटदार, त्यांचे फोन सुरू झाले. मॅडमनी मुलाला समोर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "मोठ्यानं वाच. तुझं स्वतःचं वाक्य आलं की थांब." मुलगा वाचत गेला. पहिलं प्रकरण संपलं, दुसरं संपलं, तो थांबेना. आम्ही बाकीचे तपासायच्या वह्यांमध्ये डोकी घालून ऐकत होतो. शेवटी तो 'ऋणनिर्देश' या पानावर येऊन थांबला. "हे माझं आहे मॅडम." मॅडमनी पान हातात घेतलं. त्यात ज्या गाईडचे मनापासून आभार मानले होते, ते दुसऱ्याच कुठल्या तरी कॉलेजातले होते. मॅडमनी ते पान त्याला परत दिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, आभार तरी स्वतःचे मान." तो मुलगा तिथे रडला. वर्षभर उशिरानं, पण त्यानं स्वतःचा प्रबंध लिहून दिला. फार बरा नव्हता. मॅडमनी तो सही करून पुढे पाठवला. "वाईट आहे, पण त्याचा आहे."

हे सगळं सांगताना त्या मला करारी वगैरे वाटायला लागतात. तशा त्या नव्हत्या. दमलेल्या होत्या. मूल्यांकनाच्या समित्या यायच्या, त्यांच्यासाठी तीच माहिती तीन वेगळ्या तक्त्यांमध्ये भरायची. पोर्टल बदलायचं, सगळं पुन्हा भरायचं. एकदा भर दुपारी त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नीलिमा, आपण शिकवतो कधी गं?" तक्रार म्हणून नाही, खरंच आठवत नसल्यासारखं.

योगिता गांगुर्डे आली ती अशाच एका दुपारी. पेठच्या तंत्रनिकेतनात ती शिकवायची आणि आमच्याकडे एम.ई. करायची. सावळघाट ओलांडून एसटीनं यायची, एसटीनंच परत जायची. तिचं काम कच्च्या आंब्याच्या फोडी वाळवण्याच्या सौर यंत्रावर होतं. तिकडच्या बायका आमचूर करतात, उघड्यावर वाळवतात, धूळ बसते, भाव मिळत नाही. मॅडमच तिच्या गाईड होत्या. मग तिला दिवस गेले, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. बाळ झालं. ते जरा मोठं होतंय तोवर नवरा घाटात मोटरसायकलवरून पडला, त्याच्या पायाचं दोनदा ऑपरेशन करावं लागलं. योगिता मधल्या काळात फोन करायची, "मॅडम, काम चालू हाय माझं," सांगायची. ते खरंही होतं. आता ती पूर्ण झालेला प्रबंध घेऊन आली होती, बरोबर तीन-चार वर्षांची मुलगी.

"मॅडम, पोर्टलवर माझं नावच येत नाय."

"बस. पाणी पी."

पाणी मुलीनंच पिऊन टाकलं. मॅडमनी आपल्या संगणकावर नाव घातलं, मग पुन्हा घातलं. प्रवेशाचं वर्ष बघितलं आणि त्यांचा माउसवरचा हात तसाच राहिला.

"योगिता, तुझी मुदत संपली गं."

"पण मी मधे आजारी होते ना मॅडम. बाळंतपण झालं. ते धरत नाहीत का?"

"धरतात. आधी अर्ज केला असेल तर. खंड घेतेय म्हणून आधी कळवावं लागतं."

"मला कुणी सांगितलंच नाय."

"मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना..."

"मी प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत आलेली मॅडम. पहिल्या दिवशी मी नव्हतेच."

मॅडमनी चष्मा काढला. मुलगी हेल्मेटमधली शेंगदाण्याची पुडी उघडत होती, ती त्यांनी तिला फोडून दिली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तू नव्हतीस. तुला वेगळं बसवून सांगायचं काम माझं होतं. तू फोन करत होतीस तेव्हाही मी कामाचंच विचारत राहिले. तारखेचं विचारलं नाही."

ज्या बाईला आख्खी नियमावली पाठ होती, तिच्याच हाताखालची मुलगी त्या नियमात अडकली होती. मॅडमनी ते कधी लपवलं नाही. प्राचार्यांच्या केबिनमध्ये पहिलं वाक्यच "चूक माझी आहे" असं म्हणाल्या. प्राचार्य भला माणूस, पण त्यांच्या डोक्यात तेव्हा रिकाम्या जागा होत्या. "मॅडम, तिला नव्यानं प्रवेश घ्यायला सांगा. सगळे विषय तिचे झालेलेच आहेत, पुन्हा परीक्षा देईल. आपली एक सीटही भरेल."

"सर, नवऱ्याचा पाय, लहान मुलगी, रोजचा घाट. पुन्हा दोन वर्षं?"

"मग आपण काय करणार?"

"विद्यापीठात जाऊ."

त्या कितीदा विद्यापीठात गेल्या, ते मी मोजलं नाही. एकदा मला बरोबर नेलं. समितीसमोर बोलवायला दुपार उलटली. आत चौघं बसले होते. मॅडमनी सगळं सांगितलं, दवाखान्याचे कागद ठेवले. मधले गृहस्थ फार सौम्यपणे म्हणाले, "तुमची तळमळ समजते मॅडम. पण एकीला सूट दिली, तर उद्या शंभर जणी येतील."

"येऊ देत ना," मॅडम म्हणाल्या. "शंभर जणींना मुलं झाली, यात विद्यापीठाचा काय दोष? आणि त्यांचा तरी काय?"

एकानं पाण्याचा ग्लास सरळ केला. मग तेच सौम्य गृहस्थ म्हणाले, की एका प्रकरणात काही करता येणार नाही, पण नियमच बदलायचा असेल तर रीतसर प्रस्ताव द्या, विद्या परिषदेपुढे ठेवू. येताना नाशिक जवळ आल्यावर मॅडम गाडीत म्हणाल्या, "त्यातला एकही माणूस वाईट नव्हता, बघितलंस? असा एखादा असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

प्रस्ताव त्यांनी लिहिला. तो परत आला, दुरुस्त करून पुन्हा गेला. शिकवणं, तक्ते, समित्या चालूच होतं. मग बऱ्याच दिवसांनी परिपत्रक आलं. नियम बदलला होता. बाळंतपणाचा काळ मुदतीत धरायचा नाही, आणि खंडाचा अर्ज नंतरही करता येईल. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी पेढे वाटले, मॅडमना पुष्पगुच्छ दिला. आपल्या कॉलेजच्या पाठपुराव्यामुळे, असं काहीतरी ते बोलत होते. मॅडम परिपत्रकाचं मागचं पान वाचत होत्या. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सदर बदल येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना लागू राहील, पूर्वलक्षी प्रभावानं लागू होणार नाही.

टाळ्या संपल्यावर त्या जागेवर आल्या, गुच्छ खिडकीत ठेवला आणि पेठला फोन लावला. मी उठून जायला लागले, तर हातानंच बस म्हणाल्या.

"योगिता, नियम बदलला."

पलीकडून ती काहीतरी आनंदानं ओरडली, ते मलाही ऐकू आलं.

"नाही गं. ऐक. तुला नाही. पुढच्या मुलींना."

मग योगिता बोलली. मॅडम ऐकत होत्या, आणि मधेच त्यांनी तिला तोडलं.

"असं मोठ्या मनानं बोलू नकोस. पुढच्यांचं झालं ना, वगैरे नको. आधी चीड. माझ्यावर चीड."

चिडली की रडली, मला कळलं नाही. मॅडम नुसत्या कानाला फोन धरून बसल्या होत्या. शेवटी तिनं काहीतरी विचारलं असावं.

"यंत्र गच्चीवर पडलंय म्हणजे?" मॅडम म्हणाल्या. "टाकू नकोस. इथं घेऊन ये. आपण व्हायवा घेऊ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

प्राचार्यांनाही तसंच वाटलं. "मॅडम, नोंदणी नाही, तर व्हायवा कसली? हे कुठल्या नियमात बसतं?"

"कुठल्याच नाही सर. म्हणून तर कुणाला विचारावं लागत नाही. सेमिनार हॉल शनिवारी रिकामा असतो, तेवढा द्या."

त्या शनिवारी पेठहून पिकअपमध्ये ते यंत्र आलं. पत्र्याचं, काळ्या रंगाचं, वर काच, एका बाजूला वायरींचं जंजाळ. बरोबर योगिता, लंगडत चालणारा नवरा, मुलगी आणि बचत गटातल्या दोघी बायका. मॅडमनी दुसऱ्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना परीक्षक म्हणून बोलावलं होतं. ना मानधन, ना पत्र. ते आले, कारण बोलावणाऱ्या देवरे मॅडम होत्या. विभागातले आम्ही सगळे आणि कुतूहलानं आलेली काही मुलं.

योगिता सुरुवातीला फार घाबरली होती. कुठल्याच कागदावर जिचे गुण चढणार नव्हते, ती घाबरली होती, हे बघून मला कसंतरी झालं. वाटलं होतं, मॅडम आज सोपं विचारतील. पण त्यांनी तिला सोलून काढलं. आलेख दाखवताच थांबवलं.

"ढग आले त्या दिवसांची रीडिंग्ज कुठं आहेत?"

"ती काढलेली मॅडम. पण खराब आली, म्हणून घातली नाहीत."

"खराब कोण म्हणालं? पेठला ढग येत नाहीत का?"

"येतात."

"मग तुझं यंत्र पेठसाठी आहे की वाळवंटासाठी? ती रीडिंग्ज घाल. सांग आता, त्या दिवशी फोडी किती वाळल्या?"

योगितानं सांगितलं. आधी अडखळत, मग धडाधड. तापमान कुठं पडलं, कुठल्या थरातल्या फोडी काळ्या पडल्या, तिनं झडप कशी बदलून बघितली. परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली. दोघांमध्ये उष्णतेच्या गळतीवरून चांगली जुंपली, आणि एका ठिकाणी योगितानं परीक्षकांना "नाय सर, तसं होत नाय," असं ठणकावलं. तिचं बरोबर होतं. ते हसून मागे टेकले.

प्रश्न संपले. एरवी अशा वेळी परीक्षक बाहेर जातात, आत येतात, अभिनंदन करतात, मग समोसे येतात. इथं पुढे काय करायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडम उठल्या. साडीचा पदर नीट केला.

"योगिता गांगुर्डे यांचं काम आम्ही तपासलं. ते एम.ई.च्या दर्जाचं आहे." मग योगिताकडे वळल्या. "पदवी मिळणार नाही. काम दर्जाचं आहे."

योगिता वायरी गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही. "आता काय मॅडम?"

"आता जेवायला चल. तुम्ही सगळेच चला."

कॅन्टीनमध्ये त्या दिवशी मॅडम त्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जेवल्या नाहीत फारशा.

योगिता अजून पेठला शिकवते. पदवी नसल्यामुळे तिची बढती अडकली ती अडकलीच, मागून आलेली मुलं वर गेली. नव्यानं प्रवेश तिनं घेतला नाही. आता मन होत नाही, म्हणाली, आणि मॅडमनी आग्रह केला नाही. यंत्र मात्र गटाच्या बायका वापरतात.

पुढे नांदगावची एक मुलगी नव्या कलमामुळे वाचली. बाळंतपणानंतर परत येऊन तिनं पदवी पुरी केली आणि पेढे घेऊन आली. तिला योगिताचं नावही माहीत नव्हतं, असायचं कारण नव्हतं. मॅडमनी पेढा घेतला, बाळाचं नाव विचारलं, चौकशी केली. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "आनंद व्हायला हवा ना गं?"

"होत नाही का मॅडम?"

"होतो. पण दमून येतो."

निवृत्तीच्या कार्यक्रमात त्या दोन मिनिटंही बोलल्या नाहीत. सगळ्यांचे आभार मानले, माईक परत दिला. महिन्याभरात इंदिरानगरचा फ्लॅट भाड्यानं देऊन गावी गेल्या. तिकडे त्यांची आई होती, भावाची डाळिंबाची बाग होती. सुरुवातीला फोन व्हायचे. मग मीच फायलींमध्ये बुडाले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालेगावला एका लग्नाला गेले होते, परतताना वाट वाकडी करून त्यांच्या गावी उतरले. कळवलं नव्हतं. रस्त्यालगतच घर. स्लॅबचं, पुढे पत्र्याची पडवी, पलीकडे बाग. दुपारची वेळ. पडवीत बाजेवर मॅडम झोपलेल्या होत्या. एका कुशीवर, हात गालाखाली, केस सुटलेले, पूर्ण पांढरे. एवढी उंच बाई झोपेत इतकी लहान दिसेल, असं मला वाटलं नव्हतं. शेजारी खाली त्यांची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची, वाळक्या हातांची. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

मी जवळ जाऊन कुजबुजत सांगितलं, की मी नाशिकहून आलेय, मॅडमच्या कॉलेजातली.

"उठाडू का तिले?" म्हातारीनं विचारलं.

"नको आजी. झोपू द्या."

"हा. निजू दे तिले." ती लेकीकडे बघत म्हणाली. "लई थकेल शे मनी पोर."

मी तिच्या शेजारी खाली बसले. म्हातारीनं मला डाळिंब सोलून दिलं, दाणे माझ्या तळहातावर ओतले. ऊन सरकत सरकत पडवीत शिरलं आणि मॅडमच्या पायांवरून वर चढायला लागलं. तोंडापाशी येताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली, अंगणात गेली, वाळत घातलेलं आपलं ओलं लुगडं ओढून घेतलं आणि पडवीच्या दोन खांबांमधल्या दोरीवर पसरलं. त्याची टोकं तिनं नीट ताणली. मॅडमच्या तोंडावर गार सावली आली. कपाळावरची आठी हळूहळू गेली, त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता रस्त्याकडे निघाले.